जिथे दिवेलागण होत नाही

मेलबर्नचा जून मला पहिल्या वर्षापासून आवडला नाही. दुपारचा चहा पिऊन कप विसळेपर्यंत बाहेर काळोखायला लागतं. क्रेगीबर्नच्या आमच्या गल्लीत सगळी घरं एका साच्यातली, सगळ्यांची गॅरेजं पुढे, त्यामुळे अंधारात आपलं घर शोधायचं तर कचऱ्याच्या डब्यावरचा नंबर वाचावा लागतो. पण ही झाली माझी कुरकुर. सासूबाईंना स्मृतिभ्रंश झाला आणि जूनमधल्या संध्याकाळबद्दल कुरकुर करणं संपलं. मला त्या वेळेची भीतीच वाटायला लागली.

दिवसभर त्या बऱ्या असायच्या. मटार सोलायच्या, सोललेले दाणे पुन्हा सालींत मिसळायच्या, पण हसतमुखाने मिसळायच्या. उजेड कलला की हात चोळणं सुरू. मग पिशवी. हाताला लागेल ती पिशवी घ्यायच्या आणि तिच्यात एक टॉवेल, टीव्हीचा रिमोट, नातीचा एकच मोजा असं काहीतरी भरायच्या. "चला, घरी जाऊ या. दिवे लागायची वेळ झाली." हेच आपलं घर आहे म्हटलं की संतापायच्या. दाराला कुलूप दिसलं की मुठी आपटायच्या. एकदा त्यांना धरायला गेले तर माझ्या मनगटाला चावल्या. मग पुरता अंधार पडला, पडदे ओढले, देवापाशी निरांजन लावलं, की हळूहळू निवायच्या. चार घास खायच्या आणि लहान मुलासारख्या झोपायच्या. रोज असंच. मी मीटिंगमध्ये असले तरी कान दाराकडे, आणि खिडकीतलं ऊन भिंतीवर चढायला लागलं की मी कुलूप तपासायला उठायचे.

डॉक्टर म्हणाले, बऱ्याच रुग्णांचं संध्याकाळी असं होतं, घरात भरपूर उजेड ठेवून पाहा. नवऱ्याने लगेच घरभर मोठे दिवे लावले. आमचं घर बारा महिने दिवाळीतलं दिसायला लागलं. थोडा फरक पडला, किंवा पडलाय असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

त्याच सुमारास एका केअर होममध्ये त्यांच्यासाठी जागा मिळत असल्याचं कळलं. शाळेच्या हिवाळी सुट्टीनंतर उत्तर द्यायचं होतं. मी हो म्हणणाऱ्यातली होते आणि ते मी लपवलं नव्हतं. नोकरी, घर, वयात आलेली मुलगी आणि सासूबाई, सगळं मीच ओढत होते, आणि माझं अंग खरंच दुखून आलं होतं. नवरा ऐकायला तयार नव्हता.

"ती मला ओळखते अजून," तो म्हणायचा. "मला ओळखणाऱ्या आईला मी कुठे नेऊन सोडू?"

ओळखायच्या खरंच. माझं नाव त्यांच्याकडून कधीच हरवलं होतं, नातीला त्या शेजारची मुलगी समजायच्या, पण तो खोलीत आला की चेहरा उजळायचा. "बाळ, जेवलास का रे?" एवढ्या एका वाक्यावर तो दिवस काढायचा.

माझा नवरा इंजिनिअर आहे. प्रश्न दिसला की त्याचा हात पान्याकडे जातो. एक दिवस जेवताना तो एकदम म्हणाला, "अगं, जिथे संध्याकाळच होत नाही तिथे तिला नेलं तर?"

मला वाटलं, झोप नाही म्हणून बरळतोय. पण त्याने सगळं पाहून ठेवलं होतं. नॉर्वेच्या अगदी वरच्या टोकाला, समुद्राकाठी एक लाकडी घर. आपल्याकडे हिवाळा तेव्हा तिकडे उन्हाळा, आणि सूर्य मावळतच नाही. मुलीला सुट्टी आहेच. सगळेच जाऊ.

"आणि तिकडे ती शांत राहिली तर?" मी विचारलं.

"तर मी घरात सूर्यासारखे दिवे बसवीन. सीलिंग फोडून बसवीन. आणि त्या जागेला नाही म्हणीन."

"आणि नाही राहिली तर?"

तो ताट घेऊन उठला.

म्हाताऱ्या माणसाला, त्यातही अशा, इतक्या लांब विमानाने नेणं म्हणजे काय हे मी लिहीत बसत नाही. ज्यांनी नेलंय त्यांना ठाऊक आहे, ज्यांनी नेलं नाही त्यांनी नेऊ नये. मधल्या विमानतळावर त्यांनी एका अनोळखी माणसाचं जॅकेट घट्ट धरून ठेवलं आणि तो बिचारा 'नो वरीज' म्हणत रांगेत त्यांच्यासोबत उभा राहिला, एवढंच चांगलं त्या प्रवासातलं आठवतं.

पण पोचलो, आणि काय सांगू, पहिला दिवस खरंच सोन्यासारखा गेला. घराच्या मागे लाकडी मांडवांवर मासे वाळत घातले होते. हंगाम संपत आलेला, बरीचशी डोकीच उरलेली. वारा आला की तो वास थेट स्वयंपाकघरात. मुलीने नाक दाबलं. सासूबाई मात्र अंगणात थांबल्या, त्यांनी मान वर केली आणि दीर्घ श्वास घेतला. त्यांचं माहेर-सासर दोन्ही रायगडच्या किनाऱ्यावरचं. दांड्यांवर टांगलेले बोंबील बघतच त्या वाढल्या.

"आलो की रे घरी," त्या म्हणाल्या. "उगाच मला इतके दिवस तिकडे ठेवलंत."

त्या दिवशी त्या भरपूर बोलल्या. कुठल्या घरी कुणाची होडी, कुणाच्या लग्नात पाऊस आला, सगळं. पाण्यावर बदकं दिसली तर त्यांना दगड मारू नको म्हणून नातीला दटावलं. घड्याळात संध्याकाळ झाली. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो. ऊन तसंच. सासूबाईंनी हात चोळले नाहीत, पिशवी मागितली नाही. नवरा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बघ. म्हटलं होतं ना?" त्याचे डोळे भरून आले होते. मलाही आनंद झाला, आणि लगेच पुढे वाटलं, म्हणजे आता हे असंच पुढची कित्येक वर्षं आपल्याच घरात. दोन्ही खरं होतं.

मग मी पानं मांडली. सासूबाई बसेनात.

"दिवेलागण व्हायचीय अजून," त्या म्हणाल्या. "बाळ यायचाय शाळेतून. तो आला की बसू."

बाळ समोर उभा होता, हातात वरणाचं पातेलं घेऊन. त्याने ते खाली ठेवलं. "आई, मी आलोय." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, हसल्या, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या. पाहुण्याला हसतात तसं त्या हसल्या होत्या. प्रवासाचा शीण असेल, असं मी म्हणाले. तोही तेच म्हणाला.

झोपायच्या खोल्यांना तिकडे जाड पडदे असतात, उजेडाचा ठिपकाही येत नाही. आम्ही त्यांना तिथे नेलं. त्या दोन मिनिटांत बाहेर. "भरदिवसा निजायचं? घरची मुलं यायची वेळ." आणि बाहेर खरोखर भरदिवसच होता. त्यांना खोटं पाडणार कसं? बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या काचेपाशी खुर्ची ओढून त्या बसल्या आणि उन्हाकडे बघत राहिल्या. ते ऊन क्षितिजाजवळ यायचं, तांबूस व्हायचं. त्या सावरून बसायच्या, पदर नीट करायच्या, आता होईल म्हणून. आणि ऊन तसंच आडवं सरकत जाऊन पुन्हा वर चढायचं.

घरी, क्रेगीबर्नला, आम्ही त्या वेळेला शत्रू समजत होतो. पण त्या वेळेनंतर काहीतरी यायचं. अंधार यायचा, दिवा लागायचा, मुलगा ऑफिसातून घरी यायचा, दिवस मिटायचा. इथे आम्ही शत्रूला घालवला आणि त्याच्याबरोबर सगळंच गेलं. आता त्यांना नुसती वाट बघायची होती. भीक नको पण कुत्रा आवर म्हणतात ते मला तिथे पुरतं कळलं. त्या काहीच खाईनात. खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागायचा आणि दचकून उठायच्या, आला का, आला का. पाय सुजले, ओठ फुटले. नवरा त्यांच्या पायाशी बसून प्रत्येक वेळी सांगायचा, "आलोय, आई." पहिल्यांदा त्या हसायच्या. मग हसेनाशा झाल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही जरा बाजूला सरता का? वाटेवरचं दिसत नाही."

ते ऐकून तो बाहेर गेला आणि माशांच्या मांडवाखाली पाठ करून उभा राहिला. मी काचेतून पाहिलं. मोठा माणूस असा उभा असला की त्याच्याजवळ जाता येत नाही. मी गेले नाही.

"मम्मा, लेट्स गो होम," मुलगी म्हणाली. "प्लीज. शी इज नॉट ओके. डॅड इज नॉट ओके."

परतीची तिकिटं बदलायचा प्रयत्न केला, लगेच काही मिळेना. मग आम्हीच संध्याकाळ करायचं ठरवलं. कल्पना कुणाची हे आता आठवत नाही. तिघांनी मिळून केली एवढं खरं. नवऱ्याने कचऱ्याच्या काळ्या पिशव्या फाडल्या, दुहेरी केल्या आणि टेपने त्या मोठ्या काचेवर चिकटवल्या. मुलगी स्टुलावर चढून वरचे कोपरे दाबत होती. मी दुकानातलं लोणी कढवून तूप केलं. निरांजन मी सोबत घेतलं होतं, फुलवातीही. सासूबाईंना आम्ही पलीकडच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. नाटकाच्या आधी पडद्यामागे असते तशी आमची धावपळ चालली होती, आणि खोटं कशाला सांगू, किती तरी दिवसांनी आम्ही तिघं एकमेकांशी बरं बोलत होतो.

खोली अंधारली. आता निरांजन ठेवायचं कुठे? सगळं घर लाकडाचं. टेबल भिंतीला टेकलेलं, वर पडदा. म्हणून मी ते जमिनीवर ठेवायचं ठरवलं, खोलीच्या मधोमध, काही पेटायला नको. खाली ताटली घेतली तर ती बुडाला फुगीर, डुगडुगायची. तांदूळ संपले होते. पोळ्यांसाठी नेलेली कणीक होती. मी ताटलीत मूठ-दोन मुठी पसरली, हाताने सारखी केली, आणि तिच्यात निरांजन रोवून बसवलं. वात लावली. छान स्थिर जळायला लागली. दिशा कुठली होती देव जाणे. ज्या गावात सूर्य नुसता गोल फिरतो तिथे पूर्व-पश्चिम मला सांगता आली नसती.

नवरा आईचा हात धरून घेऊन आला. "बघ आई, दिवेलागण झाली."

त्या दारात थांबल्या. दिव्याकडे पाहिलं. ताटलीतल्या पिठाकडे पाहिलं. नेमकी त्याच वेळी काचेवरची एक पिशवी वरून सुटली आणि उन्हाची लांब पट्टी जमिनीवर येऊन पडली, दिव्याच्या अलीकडे. मुलगी धावली आणि पिशवी दाबून धरायला लागली.

"कोण गेलं?" सासूबाईंनी विचारलं.

मला तेव्हा उमगलं. ऊन असताना लावलेला, जमिनीवरचा, पिठातला दिवा. माणूस गेला की तो जिथे गेला तिथे ठेवतात तसा. पिठावर काही उमटतंय का ते नंतर बघतात. सासरे गेले तेव्हा गावच्या घरी मी तो रोज बघितला होता, त्यात तूप घातलं होतं. आग लागेल, ताटली हलेल, असला सगळा विचार मी केला आणि एवढं सोडून दिलं.

"कोणी नाही गेलं, आई," नवरा म्हणाला. "संध्याकाळ झाली म्हणून—"

"ऊन आहे बाहेर," त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज इतका स्वच्छ मी ऐकला नव्हता. "मला काय कळत नाही? बाळ गेला माझा. म्हणून आला नाही तो. तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मला तिथे बसवून ठेवलंत."

आणि त्या दिव्यापाशी बसल्या आणि रडायला लागल्या. आमच्याकडे किनाऱ्यावर बायका रडतात तशा, गेलेल्याचं एकेक सांगत, हेल काढून. लहानपणी त्याला गोवर आला तेव्हा तो कसा अंगाला चिकटून राहिला. पहिल्या पगारातून त्याने कसं लुगडं आणलं, आणि रंग कसा चुकवला. परदेशी गेला तेव्हा बंदरावर, त्या म्हणाल्या, बंदरावर त्याने मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर गेला नसता. बंदर नव्हतं, विमानतळ होता, पण बाकी सगळं बरोबर होतं. जे आम्हाला वाटलं की कधीच पुसून गेलं, ते सगळं आत शाबूत होतं. ते सांगायला त्यांना त्याचं मरण लागलं.

मी त्यांना मिठी मारायला गेले, त्यांनी मारू दिली. मुलगी पिशवी धरून तशीच उभी होती आणि हुंदके देत होती. "मम्मा, टेल हर. डॅड इज राइट देअर."

कुणी सांगायचं? तो सांगतच होता. त्यांच्यासमोर मांडी घालून बसला होता आणि त्यांचे दोन्ही हात धरून म्हणत होता, "आई, मी बाळ. आई, हा काय मी." त्यांनी एक हात सोडवून घेतला आणि त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

"तुम्ही त्याच्या ऑफिसातले ना?" त्या म्हणाल्या. "लांबून आलात. उपकार झाले. तो तुमच्याबद्दल चांगलं बोलायचा हो."

मग त्याने स्वतःला बाळ म्हणणं सोडलं. "हो," तो म्हणाला. "चांगला होता. तुमची फार आठवण काढायचा." 

मला ते ऐकवेना. पण सासूबाईंना ते हवं होतं. त्या विचारत गेल्या, शेवटी त्याला त्रास झाला का, जेवलेला होता का, आणि तो प्रत्येकाचं नीट उत्तर देत गेला. नाही, त्रास नाही झाला. हो, जेवला होता. हळूहळू त्यांचं रडणं मंदावलं. मी वरणात कुस्करलेली पोळी वाटीत आणली. कुणीतरी जवळचं गेल्यावर घरच्या बाईला चार घास बळे भरवतात, तसे मी भरवले आणि त्यांनी खाल्ले. वाट बघणं संपलं होतं. इतक्या दिवसांनी त्यांचे खांदे खाली आले होते. त्या तिथेच सतरंजीवर आडव्या झाल्या.

नवरा उठला. पांघरूण आणायला निघाला होता, आणि सवयीने म्हणाला, "येतो हं."

त्यांनी डोळे उघडले. रागावल्या नव्हत्या, अडाण्याला समजावतात तसं म्हणाल्या, "दुखवट्याच्या घरातून निघताना येतो म्हणू नये, भाऊ. नुसतं उठून जायचं."

तो नुसता उठून गेला. पांघरूण मीच घातलं. त्या गाढ झोपल्या, पुढे खूप वेळ. टेप पुन्हा सुटला आणि त्यांच्या तोंडावर ऊन आलं तरी उठल्या नाहीत.

तो बाहेर पायरीवर बसला होता. मी शेजारी जाऊन बसले. समोर समुद्र लखलखत होता, आणि मला तो उजेड इतका नकोसा झाला होता की मी डोळे मिटून घेतले.

"त्या केअर होमला हो कळवून टाक," तो म्हणाला.

मला हवं तेच उत्तर मला मिळालं. एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

आता त्या केअर होममध्ये असतात. जागा स्वच्छ आहे, माणसं प्रेमळ आहेत, खोटं बोलणार नाही. संध्याकाळी त्या पिशवी भरत नाहीत, घरी जायचं म्हणत नाहीत. नर्सला याचं कौतुक वाटतं. परत आल्यावर ते दुःख त्या विसरतील असं आम्हाला वाटलं होतं, सगळंच विसरतात तर हेही. बाकी सगळं विसरल्या. मुलगा गेला एवढं धरून बसल्या आहेत. कसा गेला, कधी गेला, नीट सांगता येत नाही त्यांना, पण तो घरात नाही हे ठाऊक आहे, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण त्यासाठीच येतो असं त्या मानतात.

आम्ही दर रविवारी जातो. मुलगी त्यांच्या केसांना तेल लावते. मी खायला काहीतरी करून नेते. नवरा समोरच्या खुर्चीत बसतो. त्या त्याला बाळबद्दल विचारतात आणि तो सांगतो, आता तो बरंच सांगतो, मलाही ठाऊक नव्हतं असं लहानपणचं. त्या मान डोलावत ऐकतात. निघायची वेळ झाली की मी आणि मुलगी, येते आजी, येते आई, असं काहीबाही बोलून जातो, आम्हाला त्या काही म्हणत नाहीत. तो तेवढा बोलत नाही. गाडीची किल्ली मुठीत धरून उठतो, खुर्ची आवाज न करता मागे सारतो, आणि आईकडे न बघता दाराबाहेर जातो.